भुवईवरची खूण

आण्णा, तुमचा उजवा हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही.

तिरडीवर ठेवल्यावर हात छातीवर जोडतात. डावा नीट बसला. उजव्याची बोटं आत वळलेली, मनगट बाहेर फिरलेलं. ठेवला की घसरून खाली येई. जमलेल्या माणसांतून गावातला निवृत्ती पुढं झाला आणि तुमचं मनगट धरून जोर लावायला लागला. आई भिंतीशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "निवृत्ती, सोड त्यो हात. एकदा मोडलास, तेवढं बास."

निवृत्तीनं हात सोडला आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिला. तो रडत होता. ते रडणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला.

आता मी सोलापूरला कॉलेजात परत आलो आहे. मराठीचे सर म्हणाले, वार्षिक अंकासाठी काकांवर काहीतरी लिही. माझी शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झाली. मराठीत कागदावर मनातलं लिहायची मला सवय नाही. तुम्ही कुठं जन्मला, काय शिकला, असं लिहून पाहिलं आणि फाडलं. ते गावातल्या कुणालाही सांगता येईल. तुमचं-माझं भांडण मात्र अर्धं राहिलं आहे, ते दुसऱ्या कुणाला पुरं करता येणार नाही. कुठं चुकलो तर तुम्ही नेहमीसारखं म्हणा, "पुन्हा बघ."

तुम्ही बापूंचं चित्र काढलंत तो उन्हाळा मला आठवतो. बापू माझे वडील, पण तुम्हालाही त्यांनीच वाढवलं होतं. आपण तेली. बापू घाणा चालवायचे. तुम्ही सोलापूरला नाटकवाल्यांचे पडदे रंगवायला गेलात आणि तिथल्या एका म्हाताऱ्या चित्रकारापाशी माणसं रंगवायला शिकून परत आलात. आल्या आल्या जाड मांजरपाट चौकटीवर ताणलात, त्याला सरस लावलात, वर पांढरा हात दिलात. रंग तुमच्या पेटीतले आणि तेल आपल्या घाण्याचं, जवसाचं. तुम्ही ते बाटल्यांत भरून माळवदावर उन्हात ठेवायचा. आई म्हणायची, "खायच्या तेलाला ऊन दाखवून कुणाचं पोट भरतंय, भावजी?"

घाण्यासमोरच्या ओट्यावर तुम्ही बापूंना बसवलंत. बापू बसले की बैल थांबायचा आणि बैल थांबला की बापू उठायचे.

"दादा, हलू नका."

"हालतोय कुठं? माशी बसलीया नाकावर."

"बसू द्या."

"मग माशी बी काढ."

बापू रंगानं काळे होते. मला वाटलं, तुम्ही काळा रंग घ्याल. तुम्ही तांबडा, निळा आणि पिवळ्या मातीचा रंग एकत्र घोटलात आणि त्यातून बापूंचं कपाळ वर आलं. "काळा माणूस काळ्या रंगानं होत न्हाय," तुम्ही म्हणालात. "पुन्हा बघ." मी पुन्हा पाहिलं. आपल्या रोजच्या माणसाकडं असं बघायचं असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग भुवईपाशी अडलं. कधीकाळी घाण्याची जड लाकडी लाट निसटून बापूंच्या डाव्या भुवईवर बसली होती. भुवईचे दोन तुकडे झाले होते, मधल्या चिरेत केस येत नव्हते. तुम्ही बारीक कुंचला घेऊन ती चीर उतरवायला लागलात तशी आई पदर सावरत पुढं आली.

"भावजी, तेवढी खूण सोडा. भंगल्याली मूर्त घरात ठेवत न्हाईत."

"वैनी, मी देव काढीत न्हाय. दादाला काढतुय."

"मानसाचं काय, देवाचं काय. साजरं करा की."

"हाय तसं काढायचं. न्हायतर मग त्यो दुसराच कुणीतरी हुईल."

बापू हसले. म्हणाले, "काढू दे गं. खूण नसली तर यम दुसऱ्याच तेल्याला घेऊन जायचा."

हे वाक्य पुढं आपल्या घरात कुणी पुन्हा उच्चारलं नाही. मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

चेहरा झाला आणि बापू उठले ते उठलेच. जवसाचा घाणा अडला होता. तुम्ही आर्जव करत राहिलात, "दादा, हात राहिल्यात." ते घाण्यावरून ओरडले, "हात काय बघायचे? तेल्याचे हाईत, तेलकट काढ." नंतर काही दिवस तुम्ही न्हाव्याकडून आरसा मागून आणलात आणि ओट्यावर एकटेच बसून रंगवत होता. मी विचारलं, आरसा कशाला? तुम्ही म्हणालात, "आरशात चित्राची चूक दिसती." मला ते पटलं.

चित्र सोप्यातल्या भिंतीवर लागलं. शेजारच्या मुसलमानांच्या वस्तीतले दस्तगीरचाचा, कापूस पिंजणारे, आले की आधी चित्राला सलाम करायचे आणि मग शेजारी उभ्या बापूंना विचारायचे, "तुम कौन, भाई?" सगळे हसायचे. बापू सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

त्यानंतर वर्ष उलटलं आणि गावचं हसणं गेलं. सरकारी शिंदीची झाडं रात्रीतून तुटली. नाक्याची चौकी जळाली. बापू निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेले. कधीमधी धनगराच्या वेषात, घोंगडी पांघरून, या मुलखात यायचे. विठ्ठल तेली हे नाव निजामाच्या बाजूनं फिरणाऱ्या हत्यारबंद टोळीपाशी पोचलं होतं, पण विठ्ठल तेली आसपासच्या प्रत्येक गावात एक होता. बापूंचा फोटो कुणापाशी नव्हता. आपल्या घरात तर कुणी फोटो काढलेलाच नव्हता. बापू जगत होते ते एवढ्यावर.

टोळी आली ती भरदुपारी. आधी तेलाची मडकी फोडली. तेल ओट्यावरून वाहत अंगणात आलं, त्यात तुमचा पाय घसरला आणि पडलात तिथंच त्यांनी तुम्हाला बुटांनी तुडवलं. "विठ्ठल तेली कहाँ है?" तुम्ही म्हणालात, माहीत नाही. बंदुकीचा दस्ता तुमच्या तोंडावर बसला. तुमचे पुढचे दात तेलात पडलेले मला दिसत होते. आईनं मला पाठीशी दाबून धरलं होतं. माझं नाक तिच्या पाठीत रुतलं होतं आणि एका डोळ्यानं मला सोपा दिसत होता.

म्होरक्या सोप्यात गेला आणि चित्रासमोर थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यानं बोट लांब करून भुवईवरच्या चिरेवर ठेवलं.

"ये कौन है?"

कुणी बोललं नाही. आमच्या न बोलण्यानंच त्याला उत्तर मिळालं.

"तस्वीर कौन बनाया?"

तुम्ही तोंडातलं रक्त गिळून म्हणालात, "मैं बनाया."

"क्या हाथ पाया रे तू!" तो म्हणाला. तो तुम्हाला टोमणा मारत नव्हता. त्याला ते चित्र खरंच आवडलं होतं. मग त्यानं सुरी काढून चौकटीच्या कडेकडेनं कापड कापलं, गुंडाळी केली आणि काखेत घेऊन गेला. भिंतीवर रिकामी चौकट राहिली. पुढं एकदा तुम्ही मला सांगितलंत, "सोलापुरात इतकी चित्रं दावली, कुणी असं म्हणलं न्हवतं. शंकर, त्याच्या तोंडून ते ऐकलं तवा घडीभर मला बरं वाटलं रे." आण्णा, हे दुसऱ्या कुणी मला कधीच सांगितलं नसतं. तुम्ही स्वतःच्या बाबतीतही हाय तसंच काढत होता.

बापूंना बाजारात गाठलं. दस्तगीरचाचा तिथं कापसाची गाडी घेऊन होते, त्यांनी पाहिलं. लिंबाखाली टोळीतल्या एकानं ते कापड दोन कोपऱ्यांना धरून उभं केलं होतं, बाजारात विकायचं लुगडं धरतात तसं. त्या वयाच्या प्रत्येक माणसाचं पागोटं काढायला लावत होते. बापू मागं वळले. कुणीतरी घोंगडी ओढली. एकानं बोट चित्रातल्या भुवईवर ठेवलं, दुसऱ्यानं बापूंच्या. मग लाठ्या. मग भाला. लाठ्या मोडल्यावर दगड. दगड तोंडावर. बाजार पांगला, पण चाचा हलले नाहीत. टोळी गेल्यावर त्यांनी बापूंना गाडीत घातलं, वर कापूस टाकला आणि दोन गावं ओलांडून घरी आणलं. आपल्या दारात त्यांनी कापूस बाजूला केला, तेव्हा वरचा पांढरा होता आणि खालचा लाल होऊन घट्ट बसला होता. तो अंगापासून सोडवायला आईला पाणी घालावं लागलं.

तुम्ही पुढं येऊन पाहिलंत आणि घाण्याच्या दगडावर डोकं आपटायला लागलात. चाचांनी तुम्हाला मिठी घालून ओढलं. मग तुम्ही आत गेलात आणि कुंचले चुलीत घातलेत, रंगाच्या नळ्या घातल्यात, वर जवसाच्या तेलाची बाटली ओतलीत. भडका तुमच्या छातीवर आला. आई धावली, तिनं तुमच्यावर पोतं टाकलं. नवऱ्याचं प्रेत अंगणात आणि ती दिराचं अंग विझवत होती.

त्यानंतर लष्कर आलं आणि निजामाचं राज्य संपलं. आपल्या गावात झेंडा लागला. त्याच दुपारी निवृत्ती घोळका घेऊन आपल्या ओट्याशी आला. त्याच्या धाकट्या भावालाही त्याच टोळीनं विहिरीत ढकलून वरून दगड टाकले होते. घोळक्यात कोयते होते, कुऱ्हाडी होत्या आणि आपल्याकडून रोज तेल नेणारी माणसं होती.

"आण्णा, तुमी त्यांची तोंडं बघितल्यात. दिसाउजेडी."

"बघितल्यात."

"काढा. कोळशानं काढा ह्या भिंतीवर. आमी जुळवून बघतो."

"कुणाशी जुळवतोस?"

"वस्तीत हाईत की."

"त्ये भायेरचे हुते, निवृत्ती. ह्या गावचा एक बी न्हवता."

"त्ये आमी बघू. तुमी काढा."

कोळसा मी आणला. आईनं अडवायच्या आत चुलीतून उचलून तुमच्या हातात दिला. त्याची माफी मागायला मी हे लिहीत नाही. मला ती तोंडं हवी होती. बापूंचं तोंड ज्यांनी नाहीसं केलं त्यांचं तोंड मला भिंतीवर बघायचं होतं. आजही कधी कधी हवं असतं.

तुम्ही कोळसा हातात धरलात, भिंतीकडं पाहिलंत. मग तो खाली टाकून पायानं चुरडलात. "एक तसबीर काढली, तिनं भाऊ खाल्ला. आता न्हाय."

"न्हाय?"

"न्हाय."

"मग त्यो हात काय कामाचा?"

त्यांनी तुमचा उजवा हात घाण्याच्या दगडावर धरला. निवृत्तीनं कुऱ्हाड उलटी केली आणि पाठीनं मारलं. प्रत्येक घावाआधी विचारायचा, "काढता?" तुम्ही "न्हाय" म्हणायचा. मग घाव. मी हाडाचा आवाज ऐकला आहे, आण्णा; वाळक्या शेंगा पायाखाली याव्यात तसा. तुम्ही ओरडत होता, पण ओरडण्यातही शब्द तोच होता. आई निवृत्तीचे पाय धरून फरफटत होती. आणि तुम्ही सबंध वेळ मान एकाच बाजूला ठेवली होती, ओढ्याकडं. मला वाटलं, हाताकडं बघवत नाही म्हणून.

मग ते वस्तीत गेले. दस्तगीरचाचांचं घर रिकामं होतं. पिंजण्याची कमान आणि कापूस पेटवून त्यांनी राग काढला. जळत्या कापसाचे पुंजके आपल्या माळवदापर्यंत उडत आले.

बापूंचं चित्र चावडीत सापडलं. खुर्च्यांमागं टाकलेलं होतं. मधोमध भाल्याचं भोक होतं, रंगाला तडे गेले होते. आईनं ते पदरात गुंडाळून आणलं आणि पुन्हा त्याच चौकटीत ठोकायला लावलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही डाव्या हातात वस्तरा घेऊन चित्रासमोर उभे होता.

"वैनी, तुमी सांगितलं हुतं तवा ऐकलं न्हाय. आता खरवडतो ती खूण."

आईनं तुमच्या हातातला वस्तरा काढून घेतला. माझी आई तुमच्याशी कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "हात लावू नका तिला. गाडीतनं काढलं तवा त्यांचं तोंड राह्यलंच न्हवतं. ती खूण तेवढी शाबूत हुती. तिच्यावरनं म्या म्हनलं, हे माझं मानूस. न्हायतर म्या कुणाला रडले असते?"

तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात. तुम्हाला माफी मिळाली की शिक्षा, ते मला तेव्हा कळलं नाही. तुम्हालाही कळलं नसावं.

पुढं तुम्ही डाव्या हातानं बैल हाकलात, घाणा चालवलात आणि त्या तेलावर मला कॉलेजात घातलंत. मी प्रत्येक सुट्टीत येऊन तुमच्याशी तेच भांडायचो. म्हणायचो, तुम्ही तोंडं काढून लष्कराच्या हवाली करायची होती. खरे गुन्हेगार सापडले असते. 'हाय तसं काढायचं' म्हणत होता ना? मग खरं माहीत असून हात आवरता घेतलात, हे खोटंच झालं. कॉलेजात शिकलेले मोठे शब्द मी तुमच्या अंगावर फेकायचो. तुम्ही बैलाला वैरण टाकत ऐकायचा. एकदाच, जेवताना, म्हणालात, "खऱ्याला धराया कुणी आलं हुतं का, शंकर? त्यांना फकस्त धराया माणूस पायजे हुता. पुन्हा बघ." मी चिडून जेवणावरून उठलो. ते आपलं शेवटचं जेवण. पुढच्या सुट्टीआधीच छाती भरून ताप आला आणि तुम्ही गेलात.

तेराव्याला दस्तगीरचाचा आले. ते आता सोलापुरातच पिंजतात. बरोबर त्यांचा मुलगा मौला होता. मी त्याला झेंडा लागला त्या दुपारनंतर पाहिलं नव्हतं. दाढी भरली आहे, भुवया नाकावर जुळलेल्या आहेत. मी त्याच्याकडं बघतच राहिलो, कारण टोळी आली तेव्हा आपल्या दारात भाला धरून जो उभा होता त्याच्याही भुवया अशाच जुळलेल्या होत्या. आईच्या पाठीआडून मला तेवढंच दिसलं होतं. तुम्ही कोळशानं त्या भुवया काढल्या असत्या तर घोळक्यानं त्या कुणाशी जुळवल्या असत्या? मी स्वतः कुणाशी जुळवल्या असत्या?

चाचा घाण्याच्या दगडापाशी बसले. म्हणाले, "हम ओढेमें थे. कमरभर पाणी. आण्णा हमना देखे. हम उनकू देखे. वो नज़र हटाए नहीं, जब लग हम उस पार नहीं गए." मौलानं खाली पाहिलं. निवृत्ती कोपऱ्यात पत्रावळी मांडत होता, तो थांबला आणि मग पुन्हा मांडायला लागला.

म्हणजे ओढ्याकडं मान होती ती याच्यासाठी. प्रत्येक "न्हाय"ला ती माणसं थोडी पुढं सरकत होती. तुम्ही हे मला एकदाही सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी भांडलो नसतो, आणि बहुधा तुम्हाला मी भांडायला हवा होतो. तरी आण्णा, खरं सांगतो, माझं म्हणणं पुरतं संपलेलं नाही. बापूंना मारणारा कुठंतरी जेवतो आहे, झोपतो आहे. त्याचं तोंड फक्त तुम्हाला माहीत होतं आणि ते तुमच्याबरोबर जळालं. ह्यावर तुमच्यापाशी उत्तर होतं असं मला वाटत नाही.

पानं वाढायच्या आधी लोक विचारायला लागले, गेलेल्या माणसाचा फोटो कुठं आहे, फुलं कशाला वाहायची? मी घरभर बघितलं. माणसांची तोंडं उतरवणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड कुठंच नव्हतं. मी आईला म्हणालो, "आण्णांचं काहीच राहिलं नाही."

ती म्हणाली, "हाय की." आणि मला सोप्यात बापूंच्या चित्रासमोर घेऊन गेली.

"त्ये हात बघ. घाण्यावरच्या मानसाची बोटं अशी असत्यात व्हय? तुझ्या बापाचा अंगठा केवढा हुता. त्यांना बसाया सवड न्हवती, म्हून भावजींनी सवताचे काढले. आरसा ठेवून. म्या चुलीपासनं बघत हुते, बोलले न्हाय."

मी पुन्हा बघितलं. लांब, निमुळती बोटं बापूंच्या मांडीवर निवांत टेकलेली. इतकी वर्षं मी भुवईच बघत होतो.

आईनं वाटीतल्या जवसाच्या तेलात बोट बुडवलं. तडे गेलेल्या रंगाला तेल लावायचं तुम्हीच तिला शिकवलं होतं. भाल्याच्या भोकाला वळसा घालून तिनं ते मनगटावर लावलं, मग एकेका बोटावर.

"ह्यो उजवा न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

बोटं सरळ होती.